उचलण्याआधी मोजू या

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

जेवणं आटोपली असतील. कुणी सुकट निवडायला बसल्या असाल, कुणी जाळं सांधत असाल, कुणाच्या मांडीवर पोर नुकतंच निजलं असेल. हात चालू राहू देत, कान तेवढा इकडे द्या.

आज समुद्रातल्या कचऱ्याबद्दल बोलायचं आहे. विषय ऐकून काही जणी म्हणतील, बाई, त्यात नवीन ते काय, रोजच तर बघतो. खरं आहे. पण तीन वर्षांपूर्वी आमच्या पुळणीवर एक गोष्ट घडली. तिथूनच सुरुवात करते.

पितृपक्षाचे दिवस होते. पुळणीवर मोठी सफाई ठरली. बाहेरगावाहून दोन बसगाड्या भरून मंडळी आली. सगळ्यांना टोप्या, हातमोजे, हातात फलक. आम्ही गावच्या बायकाही गेलो, शाळेची मुलं आली. दोन तासांत काळ्या पिशव्यांचा हा एवढा ढीग झाला. फोटो निघाले, भाषणं झाली, वडापाव झाला आणि मंडळी परत गेली. पिशव्या न्यायला गाडी येणार होती, ती आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग सर्वपित्रीचं उधाण आलं. सकाळी जाऊन बघतो तर पिशव्या फुटलेल्या आणि सगळं पुन्हा पुळणीवर पसरलेलं. वर काळ्या पिशव्यांच्या चिंध्यांची भर.

शेजारच्या काकू माझ्याबरोबर होत्या. साठ वर्षं मासळी विकलेली बाई. त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "बाई, काल आपण नेमकं केलं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. मी शाळेत शिकवणारी, उत्तर नसलं की मला चैन पडत नाही. म्हणून वाचायला लागले. जगात ठिकठिकाणी लोक समुद्राचा कचरा उचलतात, ते काय करतात, कसं करतात, त्यातून काय निघतं ते शोधलं. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्यात आहे.

आधी पसारा किती आहे ते ऐका. २०१५ साली शास्त्रज्ञांनी एक हिशेब मांडला. २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात किती प्लास्टिक गेलं असावं? उत्तर आलं, ४८ लाख ते १२७ लाख टन. एका वर्षात. हे ऐकून मीही हबकले. एवढा कचरा वेचून संपवायचा तर जगातल्या सगळ्या माणसांनी कामधंदा सोडून पुळणीवरच बसायला हवं. म्हणजे नुसतं उचलून भागणार नाही, हे तर दिसतंच. मग उचलायचं कशाला? याचं उत्तर दोन बायकांनी शोधलं, तेही १९८६ साली.

अमेरिकेत टेक्सास नावाचं राज्य आहे, मेक्सिकोच्या आखाताला लागून. लिंडा मॅरानिस नावाची एक बाई तिथे नव्याने राहायला गेली. किनारा बघितला तर कचऱ्याने भरलेला. समुद्रातल्या प्लास्टिकचा अभ्यास करणारी कॅथी ओहारा ही तिची सहकारी. दोघींनी लोकांना सफाईला बोलावलं. २,८०० माणसं आली आणि १२४ टन कचरा निघाला. इथपर्यंत आपल्यासारखंच. पण या दोघींनी एक गोष्ट जास्त केली. प्रत्येकाच्या हातात पिशवीबरोबर एक कागद आणि पेन्सिल दिली. जे उचलाल ते लिहा. बाटली किती, झाकणं किती, दोर किती, पिशव्या किती.

त्या कागदांवरून कळलं की यातलं बरंचसं सामान किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्यांचं नाही, ते जहाजांवरून येतं. जहाजांच्या स्वयंपाकघरातला कचरा, मालाच्या वेष्टणाचं प्लास्टिक, दोर. त्या काळी जहाजावरचा कचरा सरळ समुद्रात लोटून द्यायची पद्धतच होती. 'किनारा घाण आहे' असं ओरडणं वेगळं आणि 'हे बघा, अमुक एवढ्या वस्तू, या तुमच्या जहाजांवरच्या' असं यादीसकट सांगणं वेगळं. जहाजांवरून प्लास्टिक टाकायला बंदी करणारा आंतरराष्ट्रीय नियम ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू झाला. अमेरिकेने त्याला मान्यता दिली १९८७ साली, म्हणजे त्या सफाईच्या पुढच्याच वर्षी. त्यासाठी झटणाऱ्यांच्या हातात अशा याद्या होत्या.

ती सफाई पुढे कॅनडात गेली, मेक्सिकोत गेली आणि आता सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होते. आपल्याकडे पितृपक्षाच्या आगेमागे जी सफाई होते, तिचं मूळ हेच. फक्त आपल्याकडे येताना कागद-पेन्सिल वाटेत कुठेतरी राहून गेली.

आता युरोपकडे जाऊ. तिथे उत्तर समुद्राच्या आणि अटलांटिकच्या काठावरच्या देशांनी मिळून एक रीत बसवली आहे. किनाऱ्याचा १०० मीटरचा एक पट्टा ठरवायचा. शाळेतली पोरं १०० मीटर धावतात ना, तेवढाच. वर्षातून चार वेळा त्याच पट्ट्यात जायचं, पडलेली प्रत्येक वस्तू उचलायची आणि ठरलेल्या यादीत नोंदवायची. जागा तीच, यादी तीच. म्हणजे यंदाची नोंद गेल्या वर्षीच्या नोंदीशी ताडून बघता येते. आपण घरखर्चाची वही ठेवतो, त्यातलाच प्रकार. एका महिन्याच्या वहीवरून काही कळत नाही. बारा महिन्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या की पैसा कुठे गळतोय ते दिसतं.

अशा मोजणीतून दिसलं की तिथल्या किनाऱ्यावरचा सुमारे ७० टक्के कचरा दोनच प्रकारचा आहे. एक, एकदा वापरून टाकायच्या ठरावीक दहा प्रकारच्या प्लास्टिक वस्तू. दुसरा, मासेमारीचं सामान. त्या आकड्यांवरून युरोपीय संघाने २०१९ साली कायदा केला. प्लास्टिकच्या थाळ्या, चमचे, स्ट्रॉ, कान साफ करायच्या काड्या यांवर जुलै २०२१ पासून बंदी आली. बाटल्यांची झाकणं पुळणीवर फार सापडतात, म्हणून नियम झाला की झाकण उघडल्यावरही ते बाटलीला जोडलेलंच राहिलं पाहिजे. जुलै २०२४ पासून तो लागू आहे. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा जहाजावर असेल, कुणाची सून तिकडे नोकरीला असेल, तर विचारा. सांगतील, हो, झाकण बाटलीलाच लोंबत असतं, पिताना नाकाला लागतं. त्या लोंबणाऱ्या झाकणामागे कितीतरी वर्षं वाकून वाकून झाकणं मोजलेल्या माणसांची मेहनत आहे.

त्याच उत्तर समुद्रावर फुल्मार नावाचा पक्षी असतो. दिसायला आपल्या कुरवासारखा. तो खाणं समुद्रावरच शोधतो आणि पाण्यावर तरंगणारं जे दिसेल ते गिळतो. मेलेले फुल्मार किनाऱ्याला लागतात. ते गोळा करून नेदरलँड्समधले शास्त्रज्ञ त्यांची पोटं उघडतात आणि आतलं प्लास्टिक वजन करून लिहून ठेवतात. १९८० च्या दशकापासून हे चालू आहे. शंभरातल्या नव्वदाहून अधिक पक्ष्यांच्या पोटात प्लास्टिक निघत आलं आहे. त्या देशांनी स्वतःपुढे उद्दिष्ट ठेवलंय ते असं, की ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त प्लास्टिक पोटात असलेले पक्षी शंभरात दहापेक्षा कमी असावेत. ०.१ ग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठसुद्धा नाही. ते उद्दिष्ट अजून दूर आहे. पण या पोटांनी एक चांगली बातमीही दिली. कारखान्यांत प्लास्टिकच्या वस्तू बनवायला जे बारीक दाणे वापरतात, ते पक्ष्यांच्या पोटात आता पूर्वीपेक्षा बरेच कमी सापडतात. म्हणजे माणसांनी काळजी घेतली की समुद्रात फरक पडतो. पण मोजलं नसतं, तर तो फरक कळला नसता.

हे बारीक दाणे तुम्ही कदाचित बघितले नसतील. पांढरे, साबुदाण्याएवढे. २०२१ साली श्रीलंकेत कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' नावाचं जहाज जळून बुडालं. त्यावर असे सुमारे १,६८० टन दाणे होते. किनारे पांढरे झाले, मासेमारी बंद पडली. लोक वाळू चाळणीने चाळत बसले. २०२५ च्या मे महिन्यात केरळजवळ एक जहाज बुडालं, तेव्हा तिरुवनंतपुरमच्या बाजूला तसेच दाणे किनाऱ्याला लागले आणि पुन्हा तेच काम. आपण तांदूळ निवडतो तशी वाळू निवडायची. माशांना ते अंड्यांसारखे वाटतात. आपल्या पुळणीवर असे दाणे ढिगाने दिसले, तर पोरांना खेळायला देऊ नका. तलाठ्याला, पोलीस ठाण्याला, मत्स्यखात्याच्या माणसाला लगेच कळवा.

आता आपल्या घरातला विषय. जाळी. कचरा म्हटलं की आपण शहरवाल्यांना बोलतो, पर्यटकांना बोलतो. ते बरोबरच आहे. पण थोडं आपल्याकडेही बघू.

अमेरिकेचा किनारा आणि हवाई बेटं यांच्यामध्ये महासागरात प्रवाह गोल फिरतात आणि तरंगणारा कचरा तिथे जमतो. १९९७ साली चार्ल्स मूर नावाचे नाविक शर्यतीहून परतताना तिथून गेले आणि दिवसेंदिवस बोटीभोवती प्लास्टिक बघत राहिले, तेव्हापासून त्याची चर्चा सुरू झाली. २०१८ साली छापून आलेल्या अभ्यासात तिथे सुमारे ७९,००० टन प्लास्टिक असल्याचा अंदाज निघाला. त्यातलं निम्म्याच्या जवळपास, ४६ टक्के वजन, मासेमारीच्या जाळ्यांचं होतं.

तुटलेलं, सुटलेलं जाळं समुद्रात मासेमारी करतच राहतं. ओढायला कुणी नाही, विकायला कुणी नाही, पण मासा अडकतो, मरतो, त्याला खायला आलेला दुसरा अडकतो. इंग्रजीत त्यांना 'भुताची जाळी' म्हणतात. नाव अगदी बरोबर दिलंय.

आपल्या अरबी समुद्राच्या दक्षिणेला मालदीव आहे. तिथले मच्छीमार टुना पकडतात ते गळाने, एकेक मासा. तरी त्यांच्या बेटांना जाळी लागतात आणि त्यांत गुरफटलेली कासवं सापडतात. ही जाळी आजूबाजूच्या देशांच्या समुद्रातून वाहत येतात. २०१३ पासून तिथे 'ऑलिव्ह रिडले प्रोजेक्ट' नावाची संस्था काम करते. पाण्यात उतरणारे लोक, हॉटेलांत काम करणारे लोक, जो कुणी जाळं बघेल तो कळवतो. जाळ्याचा रंग कोणता, दोर पिळाचा की विणीचा, भोक केवढं, त्यात कोणतं कासव होतं, हे सगळं लिहून ठेवतात. कारण जाळं कुठलं ते कळलं, तरच त्या लोकांशी बोलता येईल. ऑलिव्ह रिडले म्हणजे आपल्या वेळासला अंडी घालायला येतं तेच कासव. इथे आपण त्याची अंडी राखायची आणि समुद्रात आपल्याच जाळ्यात त्याने मरायचं, हे काही बरं नाही.

याबाबत आपल्या तांडेलांना एक आठवण करून द्या. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीपासून अशी सोय आहे की कासव, डॉल्फिन, देवमासा असा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि त्याला सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर त्याची भरपाई २५,००० रुपयांपर्यंत मिळू शकते. फोटो काढून ठेवावा लागतो. पुष्कळांना हे माहीत नसतं.

फिलिपिन्स देशात २०१२ साली एक काम सुरू झालं, ते ऐकून तुम्हाला आपला बचत गट आठवेल. दानाहोन बँक नावाचा प्रवाळाचा भाग आहे. तिथली गावं आपल्यासारखीच मासेमारीवर जगणारी. फाटलेली नायलॉनची जाळी किनाऱ्यावर आणि समुद्रात टाकून दिलेली असायची. लंडनची एक प्राणिशास्त्र संस्था आणि गालिचे बनवणारी एक कंपनी एकत्र आली. गावकऱ्यांनी जाळी गोळा करायची, धुवायची, वाळवायची, गठ्ठे बांधायचे. ती वजनावर विकत घेतली जायची, वितळवून त्यांचा नवा धागा व्हायचा आणि त्याचे गालिचे. जाळ्यांचे पैसे यायचे ते गावातल्या बचत गटांमार्फत. म्हणजे बचतीची सवय लागली, अडीनडीला कर्ज मिळालं आणि किनाराही मोकळा झाला. जाळ्याला किंमत आली की ते कुणी पाण्यात टाकत नाही. आपल्याकडे भंगारवाला पितळेचं भांडं कधी रस्त्यावर पडू देतो का? तसंच.

आता सगळ्यात जवळचं आणि मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण. केरळात कोल्लमजवळ शक्तिकुलंगरा बंदर आहे. मोठं, ट्रॉलरने गजबजलेलं. तिथल्या खलाशांच्या जाळ्यात माशांबरोबर पिशव्या, बाटल्या, दोर यायचे. ते काय करायचे? आपले करतात तेच. मासे ठेवायचे आणि कचरा परत पाण्यात. दुसऱ्या दिवशी तोच कचरा पुन्हा दुसऱ्याच्या जाळ्यात. २०१७ साली तिथल्या मत्स्यव्यवसाय मंत्री जे. मर्सीकुट्टी अम्मा यांच्या पुढाकाराने एक योजना सुरू झाली, 'शुचित्व सागरम'. प्रत्येक बोटीला मोठ्या पिशव्या दिल्या. जाळ्यात आलेला कचरा पिशवीत भरून बंदरावर आणायचा. तिथे बायका तो धुतात, वाळवतात, निवडतात. मग यंत्रात त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते डांबरात मिसळून रस्त्यासाठी वापरले जातात.

यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, खलाशाला वेगळी फेरी मारावी लागत नाही. तो मासे धरायला जातोच, येताना कचरा आणतो. युरोपातही उत्तर समुद्रावर २००० च्या सुमारास हेच सुरू झालं, बोटींना पिशव्या द्यायच्या आणि बंदराने तो कचरा फुकट उतरवून घ्यायचा. उतरवून घेणारं कुणीतरी हवं, ही खरी गोम आहे. आमच्या पुळणीवर गाडी आली नाही आणि सगळं फुकट गेलं, ते आठवा.

दुसरी गोष्ट, शक्तिकुलंगऱ्याच्या बायकांना त्या कामाची मजुरी मिळते. मैत्रिणींनो, हे मी मुद्दाम सांगते. आपल्याकडे सफाई म्हटली की बायकांना बोलावतात. "ताई, तुमच्या गटाच्या वीस जणी पाठवा." आपण जातो. त्या दिवसाची मासळीची पाटी चुकते, मजुरी बुडते. वर्षातून एक दिवस श्रमदान ठीक आहे, गाव आपलंच आहे. पण कचरा रोज येतो. रोजच्या कामाला श्रमदान म्हणत नाहीत, त्याला काम म्हणतात आणि कामाला दाम लागतं. हे मागायला लाजू नका.

मोठी यंत्रंही आहेत, तीही सांगते. नेदरलँड्सच्या बोयान स्लाट या तरुणाने २०१३ साली 'द ओशन क्लीनअप' ही संस्था काढली. समुद्रात लांबलचक तरंगता बांध सोडून कचरा गोळा करायचा, असा बेत. २०१८ साली पहिला बांध सोडला, तो कचरा धरून ठेवीना आणि वर्षअखेरीस त्याचा तुकडाच पडला. त्यांनी चूक मान्य केली, बदल केले, २०२१ मध्ये नवीन रचना चालली. पण तेवढ्यात त्यांनाही कळलं की समुद्रात पसरल्यावर पाठीमागे धावण्यापेक्षा नदीच्या तोंडाशी अडवणं सोपं. २०१९ पासून ते नद्यांमध्येही यंत्रं बसवतात.

नदीच्या तोंडाशी कचरा अडवणारं एक गमतीशीर यंत्र अमेरिकेत बाल्टिमोर शहरात २०१४ पासून आहे. पाणचक्कीसारखं मोठं चाक. प्रवाहाच्या जोराने फिरतं, प्रवाह कमी असला की सूर्याच्या विजेवर. पुढचे दाते कचरा उचलून पट्ट्यावर टाकतात आणि तो पेटीत पडतो. लोकांनी त्याला मोठे डोळे लावले आणि नाव ठेवलं 'मिस्टर ट्रॅश व्हील'. पोरं त्याला बघायला जातात. पुढे त्याची भावंडंही झाली. पण तिथेही मोजणी आहेच. किती बाटल्या, किती फोमचे डबे, सगळं जाहीर करतात. खाण्याच्या फोमच्या डब्यांवर त्या राज्यात २०२० मध्ये बंदी लागू झाली, तेव्हा या आकड्यांचाही उपयोग झाला.

मुंबईतही हेच दिसलं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह या वकिलांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये शेजारच्या ८४ वर्षांच्या आजोबांना घेऊन सफाई सुरू केली. दर आठवड्याला, न चुकता. माणसं वाढत गेली. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं दिसली. पण कचरा यायचा थांबला नाही, कारण तो नाल्यांतून, नदीतून येत होता. मग ही मंडळी मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांत गेली, लोकांशी बोलायला लागली. किनाऱ्यावरून उलट वर, कचरा जिथून निघतो तिथे.

आता आमच्या गावाचं सांगते. काकूंच्या प्रश्नानंतर आम्ही अकरा जणींनी ठरवलं. जेट्टीपासून सुरूच्या बनापर्यंत १०० मीटरचा पट्टा निवडला. वर्षातून चार वेळा जायचं. बंदी उठून होड्या समुद्रात गेल्यावर एकदा, दिवाळीनंतर एकदा, होळीच्या आधी एकदा आणि पावसाच्या तोंडावर एकदा. वेळ ओहोटीची. एक जण वही धरते, बाकीच्या उचलतात आणि मोठ्याने सांगतात. वहीत रकाने आहेत. बाटली, झाकण, पिशवी, दोर, जाळं, थर्मोकोल, पुड्या, चपला, औषधाचं सामान. सुई, बाटलीतलं औषध, रसायनाचा ड्रम याला हात लावायचा नाही, हा नियम.

पहिल्या दोन वेळा आम्हाला वाटलं होतं की पर्यटकांच्या बाटल्याच जास्त निघतील. वही वेगळंच बोलली. सगळ्यात वर दोराचे आणि जाळ्याचे तुकडे, तेही जेट्टीच्या बाजूला. जाळी सांधताना कापून टाकलेले. म्हणजे आमच्याच माणसांनी, आमच्याच हातांनी. वाईट वाटलं, पण उपायही लगेच सुचला. जाळी शिवायला बसतात तिथे जुना पिंप ठेवला. आता तुकडे त्यात पडतात, भरला की भंगारवाला नेतो. पुढच्या मोजणीत दोर खूपच कमी झाले. कुणाला भाषण द्यावं लागलं नाही.

दुसऱ्या नंबरला काय असेल? आम्ही सगळ्या जणी चक्रावलो. बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे तिकोनी तुकडे. काय असावेत ते कुणाला कळेना. मग एक वैनी हसायलाच लागल्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा! रोज सकाळी आपण कात्रीने कोपरा कापतो, तो ओट्यावर पडतो, तिथून मोरीत, मोरीतून गटारात, गटारातून वहाळात, वहाळातून समुद्रात. मोठी पिशवी आपण धुऊन वाळवून भंगारात देतो. कोपरा कुणी देत नाही, त्याला हिशेबात धरतच नाही.

तेव्हा मला युरोपातलं ते लोंबणारं झाकण आठवलं. त्यांना त्यासाठी कायदा करावा लागला. आपल्याला कात्री अर्धा इंच आधी थांबवायची आहे. कोपरा पूर्ण कापू नका, थोडा जोडलेला राहू द्या. दूध तेवढंच येतं, कोपरा पिशवीबरोबर जातो. उद्या सकाळी करून बघा.

तिसऱ्या नंबरला शांपूच्या आणि गुटख्याच्या पुड्या. शांपू आमच्या घरातला, गुटखा आमच्या घरातल्यांचा. त्यावरचा उपाय अजून आमच्या हाती लागलेला नाही. पिशव्या नेणाऱ्या गाडीचाही प्रश्न पुरता सुटला नाही. पण गेल्या ग्रामसभेत आम्ही वही घेऊन गेलो. आधी नुसतं "कचरा फार झालाय" म्हटलं की सगळे माना डोलवायचे आणि पुढचा विषय यायचा. या वेळी चार मोजण्यांचे आकडे वाचून दाखवले, कुठल्या बाजूला काय सापडतं ते सांगितलं आणि मागितलं की महिन्यातून दोनदा जेट्टीवरून कचरा उचलायची गाडी ठरवा आणि निवडणाऱ्या बायकांना स्वच्छतेच्या निधीतून मजुरी द्या. गाडीचा ठराव झाला. मजुरीचा विषय पुढच्या सभेवर गेला आहे. तेव्हा पुढच्या सभेलाही आम्ही जाणार आहोत, वही घेऊन.

काकूंनी विचारलं होतं, आपण नेमकं केलं काय? त्या दिवशी आपण कचरा एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवला होता, एवढंच. आता त्याच काकू वही धरतात. लिहिता येत नाही, म्हणून उभ्या रेघा मारतात, पाच झाल्या की आडवी. मासळीचा हिशेब त्या अशाच ठेवायच्या. त्यांच्या रेघांची आजवर एकदाही चूक निघालेली नाही.

तुमच्या गावात पुळण असो, खाडी असो, नाहीतर नुसता वहाळ असो, १०० मीटर जागा निवडा. दहा जणी आणि एक वही पुरे. काय सापडलं ते केंद्रावर येऊन सांगा, आपण ते याच वेळेला वाचून दाखवू.

चला, उन्हं कलायला लागली. बोटी यायची वेळ झाली. नमस्कार.